आधी संख्या, मग हात

सिंचनाचा फोन आला तेव्हा मी बंगळुराजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या कारखान्यात शाफ्टचा व्यास मोजत होतो. अण्णांकडे शिकणारी तेरा वर्षांची ही मुलगी फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. "दादा, अण्णा गेले," एवढंच म्हणाली. मग थोडं थांबून, "मंजूनं भिंतीवर हात आपटून फोडून घेतलाय. तुम्ही या..." अण्णा अकरा दिवस दवाखान्यात होते. त्यांच्या डोक्यात लोखंडी गज घालणाऱ्या माणसाला त्यांच्या दारापर्यंत मी पोचवलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते लपवून त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहिणं मला जमणार नाही.

खंडोजी अण्णा मल्लेश्वरमचे. घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात. घरात मराठी, पण कानडी 'सरी' आणि 'स्वल्प', म्हणजे 'बरं' आणि 'जरा', आल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. कानडी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, तरुणपणी कुस्ती खेळलेले, दोन्ही कान चेचलेले. मी जतहून इथे नोकरीला आलो, तेव्हा एकदा दुकानाच्या रांगेत आईशी फोनवर बोलत होतो. मागून खांद्यावर एक पंजा पडला. "कुठला रे तू? काय शिकलास?" इंजिनियर झालो, घरातला पहिला, असं मी छाती काढून सांगितलं. "ते असू दे. गणित शिकलास काय?" मग मी खरं काय ते सांगितलं. सतराचा पाढा चुकला म्हणून शाळेत गुरुजींनी डस्टरच्या कडेनं माझी बोटं सुजवली होती. तेव्हापासून मी गणितात फक्त पास होत आलो होतो. हे ऐकल्यावर अण्णा रांग सोडून मला बाहेर घेऊन आले. "मी पण मारत होतो रे. पंधरा वर्षं मारलो. अपूर्णांकासाठी एका पोराचं बोट मोडलो. त्याला अपूर्णांक आले नाहीत, आणि बोट अजून वाकडंच आहे."

त्या रविवारी त्यांनी मला आपल्या गरडीत नेलं. गरडी म्हणजे इथली तालीम. लाल मातीचा हौदा, वर पत्रे, आणि कडेनं वीसेक मुलंमुली, सगळी बारा ते सतरा वर्षांची. कुस्ती तिथे खरी होती. फक्त ती गणितातल्या दाव्यावर व्हायची. एकानं मातीत उभं राहून ठणकावून एखादं विधान करायचं, "असं नेहमीच होतं" म्हणून. बाकीच्यांनी जोड्या करायच्या, एकानं डोकं चालवायचं, दुसऱ्यानं अंग. काठावरून संख्या सांगायची. त्या संख्येनं विधान मोडलं, तर मातीत उतरलेल्या जोडीदारानं दावेदाराला उचलून आपटायचं. विधान टिकलं, तर आपटला जाणार हल्लेखोर. संख्या सांगितल्याशिवाय कुणी कुणाला हात लावायचा नाही. अण्णा काठी आपटून एवढंच म्हणत, "आधी संख्या, मग हात." नाकं फुटायची, गुडघे सोलायचे. एका मुलाचा दात मातीत हरवला, तेव्हा सगळ्यांनी मिळून तो शोधला. आणि जो हरला त्याला बदाम दुधाचा पहिला पेला, कारण त्याच्यामुळे सगळ्यांना काहीतरी कळलं. जिंकणारा शेवटी प्यायचा. माझ्याकडे पाटीवर हिशेब करून संख्या तपासायचं काम आलं. पंचविसाव्या वर्षी, गुडघ्याला माती लावून, मला पहिल्यांदा गणित आवडू लागलं.

रघू पंधरा वर्षांचा, हडकुळा, तोंडाळ. एका रविवारी तो मातीत उतरला आणि म्हणाला, "कुठलीही संख्या घ्या. तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, वर एक्केचाळीस. येईल ती मूळ संख्याच येईल. या, कुणाला मरायचंय?" एकामागून एक आले. पाच, सात, बारा, सोळा, एकोणीस, तेवीस. मी पाटीवर भागून भागून थकलो. प्रत्येक वेळी मूळ संख्याच. रघूनं सहाजणांना मातीत लोळवलं, ओठ फुटला तरी हसत होता. "मंजू, तुझ्या मालकिणीची संख्या संपली काय रे?" मंजू सिंचनाचा जोडीदार, सतरा वर्षांचा, दांडगा. सिंचना तोवर काठावर बोटांवर आकडे मोजत होती. मग म्हणाली, "एक्केचाळीसच घाल की त्याच्या तोंडात." एक्केचाळीसचा वर्ग, अधिक एक्केचाळीस, अधिक एक्केचाळीस. पाटीची गरजच नव्हती, सगळ्याला एक्केचाळीसनं भाग जातो. रघूचं तोंड उघडंच राहिलं आणि त्याच क्षणी मंजूनं त्याला कमरेत धरून पाठीवर असा आपटला की पत्रे वाजले. सगळी गरडी टाळ्या पिटत उठली. पाठीवर पडल्या पडल्या रघूही टाळ्या वाजवत होता. त्या सगळ्याचा मी फोनवर व्हिडिओ घेतला.

रघूचे वडील लेथवर काम करून आमच्या कारखान्याला सुटे भाग पुरवत. त्यांचा माल मीच तपासायचो. मुलगा रविवारी कोचिंगला जातो असं त्यांना वाटत होतं, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या गावी पोरानं काही करून दाखवलं की बापाला सांगणं हे आपलं कर्तव्य मानतात. मी मोठ्या कौतुकानं फोन त्यांच्या हातात दिला. मागे यंत्रं धडधडत होती, आवाज काही ऐकू येणार नव्हता, आणि माझं कानडी तेव्हा अगदीच मोडकं. मी "तुमचा मुलगा, फार हुशार," असं म्हणत राहिलो. त्यांना दिसलं ते एवढंच, की आपल्या पोराच्या ओठातून रक्त येतंय, एक धटिंगण त्याला जमिनीवर आपटतोय आणि माणसं टाळ्या वाजवतायत. त्यांनी फोन परत दिला. "कुठे आहे ही जागा?" मी पत्तासुद्धा सांगितला.

पुढच्या रविवारी सकाळी ते लेथचा गज घेऊन आले. आधी त्यांनी रघूलाच मारलं, पाठीत, दोनदा. तो आवाज मी विसरू शकत नाही. मंजू धावला, एक घाव त्याच्या खांद्यावर बसला. अण्णा मधे शिरले. पुढचा घाव त्यांनी हातावर झेलला, हाड मोडलेलं ऐकू आलं. "अप्पा, स्वल्प ऐका..." असं अण्णा त्यांना म्हणेपर्यंत आणखी एक घाव डोक्यावर. लाल मातीत रक्त पटकन दिसत नाही. आम्हाला कळायला वेळ लागला.

दवाखान्यात चौथ्या दिवशी ते बोलले. मी सगळं सांगितलं. "आवाज नव्हता काय त्यात?" यंत्रांच्या धडधडीत ऐकू आला नाही, म्हटलं. "मग त्या बापानं दिसलं तेच बघितलं. पण मारायला मोकळा झाला... तसा मीही होतो, शाळेत शिकवताना." तुझी चूक नाही, असं ते म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "रघू कुठाय?" वडिलांना पोलिसांनी नेल्यापासून तो बनशंकरीला मावशीकडे होता आणि कुणाशीच बोलत नव्हता. "त्याला आणा," म्हणाले. मी दोनदा गेलो, त्यानं दार उघडलं नाही. सातव्या दिवशी अण्णांची शुद्ध गेली.

ते गेल्यानंतरच्या चौथ्या रविवारी मुलांनी गरडी उघडली. मी सगळ्यांसमोर व्हिडिओचं सांगितलं. मंजूनं माझ्या थोबाडीत दिली. मी उभा राहिलो, त्यानं दुसरी दिली. मग दारात रघू दिसला. कुणी 'ये' म्हणालं नाही. तो सरळ हौद्यात उतरला आणि फुटक्या आवाजात म्हणाला, "सलग चार संख्यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा. दर वेळी पूर्ण वर्ग येतो." मंजू त्याच्यासमोर उतरला. बँडेज बांधलेल्या मुठीत माती आवळलेली. त्याला खेळायचं नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं, रघूलाही. रघू मागे सरला नाही. "सिंचना, संख्या दे," मंजू म्हणाला. तिनं तीनपासून करून पाहिलं, तीनशे एकसष्ट, एकोणीसचा वर्ग. "नाही." "दे म्हणतोय ना." तिनं दहा, अकरा, बारा, तेरा घेतले. मी पाटीवर गुणत गेलो. सतरा हजार एकशे एकसष्ट. एकशे एकतीसचा वर्ग. "दुसरी दे," मंजू ओरडला. सिंचना रडत होती आणि आकडे मांडत होती. शेवटी तिनं हात खाली घेतले. "नाही मंजू. माझ्याकडे संख्या नाही."

मंजूची मूठ रघूच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होती. ती किती वेळ तिथे राहिली, मला सांगता येणार नाही. मग तो मातीत खाली बसला, मूठ तशीच आवळलेली. "का येतो वर्ग? सांग," म्हणाला. रघू त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि बोटानं लिहू लागला, पहिली गुणिले चौथी, दुसरी गुणिले तिसरी... दोन्हींत फरक नेहमी दोनचाच, म्हणून त्यांच्या गुणाकारात एक मिळवला की मधल्या संख्येचा वर्ग... मंजू खाली मान घालून वाचत होता. मधेच म्हणाला, "हे नीट दिसत नाही, परत लिही." रघूनं तळव्यानं माती सारखी केली आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.