सुगंधाचं पहिलं इंजेक्शन

ऑफिसात फायलींवर धूळ साचते, तसे किस्सेही साचतात. धूळ शिपाई झटकतो. किस्से मात्र रिटायर होताना आपल्यालाच घरी न्यावे लागतात. माझे नवीन पनवेलच्या एका नर्सिंग कॉलेजातले आहेत.

*

आमच्या प्राचार्य मॅडम एका वर्कशॉपहून ‘ग्रोथ माइंडसेट’ घेऊन आल्या. लगेच फतवा निघाला, "‘येत नाही’ म्हणायचं नाही. ‘अजून येत नाही’ म्हणायचं!"

तो सगळ्यात आधी शिपायाला समजला. दुसऱ्या दिवशी भर अकराला उगवला आणि म्हणाला, "मॅडम, वेळेवर यायला अजून येत नाही!"

*

आमचा टॉपर रोहित. सरावाच्या रबरी पुतळ्याची नाडी बघून त्याने ठणकावून सांगितलं, "बहात्तर!"

"रबराची?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, प्रयत्न केला की सापडतं, असं तुम्हीच म्हणालात!"

*

उरणच्या कोळीवाड्यातली सुगंधा अभ्यासात पुढे, पण सुई घेतली की हात थरथरायचा. "अगं, घरी मासे सपासप कापतेस ना?" मी म्हटलं.

"मासा ‘आई गं’ करत नाय ना, काका!"

*

तिने मोसंब्यांवर सराव सुरू केला. एके दिवशी माझ्या डब्यातलं मोसंबं खारट लागलं. मी उरलेली फोड तिच्यासमोर धरली.

"सलाइनच हाय, काका. ताकद येल!"

*

मग कॉलेजात स्टाफला फ्लूची लस द्यायचा दिवस ठरला, टोचणार मुलंच. त्या दिवशी जिवंत माणसाला सुई टोचली नाही, तर सुगंधाला बॅचबरोबर वॉर्डात पाठवणार नव्हते. मुलांना धीर यावा म्हणून मॅडम स्वतः पहिल्या बसल्या. बाही वर केली आणि डोळे गच्च मिटून माझं मनगट धरलं. मॅडम सुईला घाबरतात, हे मला तेव्हा कळलं. समोर सुगंधाचा हात लटलटत होता. बाजूला शिकवणाऱ्या सिस्टर श्वास रोखून उभ्या.

सुगंधाने सिरिंज भरली. हळूच म्हणाली, "मॅडम, आज डब्यात काय?"

"बोंबील," मॅडम कशाबशा म्हणाल्या.

"ओले? मंग दाबून ठेवलं व्हतं ना?"

"दाबायचे कशाला? मी तसेच तळते."

"तसंच?" सुगंधाचा आवाज एकदम चढला. "पानी सुटून लगदा व्हतो त्यांचा! चिरायचं, फडक्यात गुंडालायचं, वर पाटा ठेवायचा. आमची आय तर..."

"काहीतरीच! माझे कुरकुरीत होतात."

"व्हनारच नाय! झालं, मॅडम. कापूस दाबून धरा."

सिस्टरांनी श्वास सोडला. रोहितने टाळ्या वाजवल्या. सुगंधा आपल्याच हाताकडे बघत उभी राहिली.

मॅडम मात्र खुर्चीतून हलल्या नाहीत. बाही अजून वरच. म्हणाल्या, "पाटा किती वेळ ठेवायचा म्हणालीस?"