छातीवरचा पेपर

नाशिकच्या थंडीत आज सकाळी सिग्नलला थांबले, तर शेजारच्या दूधवाल्याच्या स्वेटरच्या गळ्यातून पेपरची घडी डोकावत होती. मोटारसायकलवाल्यांचा हा जुना उपाय. स्वेटरच्या आत छातीवर पेपर ठेवला की वारा शिरत नाही.

आमचे हे रोज माझ्यासाठी अशी घडी करून ठेवायचे. तेव्हाची मी म्हणजे दीडशहाणी! "मी काय भेळ आहे, कागदात बांधायला?" असं म्हणायचे आणि नुसत्या पंजाबी ड्रेसवर ऐटीत मोटारसायकल हाणत शाळेत शिकवायला जायचे. वर्गात पोचल्यावर बधिर बोटांत खडू धरता यायचा नाही. पोरांना वाटायचं, बाई विचार करताहेत.

हे गेले, त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून गाडी बंद, आणि मीही. रडू नाही, भूक नाही, काही नाही. आज नातीनं किल्ली हातात ठेवली. "आजी, वाचनालयातलं काम पुन्हा धर. नुसती बसू नकोस." मग मीच पेपरची घडी घातली. त्यांच्यासारखी नीट जमली नाही.

माझ्या गळ्याशी आलेला कागद दूधवाल्याला दिसला. तो हसला आणि स्वतःच्या छातीवर थाप मारून म्हणाला, "काय आजी, तुमच्याकडंपण आहे का?"

मीही थाप मारली. आत काहीच हललं नाही. कागद मात्र कुरकुरला, आणि वारा लागत नव्हता.