शंभर दाण्यांचं फडकं

धनवंतानं एक वाक्य आठ वर्षं मनात जपून ठेवलं होतं. ते तिला छोटेलालच्या तोंडावर मारायचं होतं.

छोटेलाल तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. एकोणीसशे एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात नवरा तापानं गेला आणि या भल्या माणसानं वाटणीत तिला गोरेगावच्या बाजूची बरड बांधी, धानाचं निकस शेत, दिली, वर धानाच्या बियाण्याचं एक पोतं. जेठासमोर बाईनं तोंड उघडायचं नाही, म्हणून ती पदर ओढून दाराआड उभी होती. तो बायकोला म्हणाला, पण हिला ऐकू जाईल असं, "तिले सांग, आशा ठेव. उगवल."

तिनं ठेवली की! चिखल केला, धान फेकलं, पंधरा दिवस बांधावर बसून राहिली. रोवण्यापुरते पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, काही उगवले नाहीत, वाफ्यातून नुसता कुबट वास येत राहिला. पोतं भिजलेलं होतं आणि छोटेलालला ते ठाऊक होतं, हे त्याच्याच गड्यानं पुढं सांगितलं. त्या वर्षी ती दुसऱ्यांच्या बांध्यांत मजुरीनं रोवणा करत फिरली. छोटेलालच्या बांधीतसुद्धा.

तेव्हापासून ती आशेची झडती घेऊ लागली. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधायचे, चौथ्या दिवशी सोडून कोंब मोजायचे. सत्तर आले तर सत्तरांपुरतीच आशा, वर एकही नाही. गाव हसायचं. बरड मात्र पिकत गेली आणि तिचा राग मुरत गेला.

सत्तावन्न सालच्या अकतीला, अक्षय्य तृतीयेला, नेहमीसारखं घरोघरचं मूठभर बियाणं पानाच्या दोन्यांत गावदेवी मातामायसमोर मांडलं होतं. छोटेलालच्या दोन्याजवळ तिला तोच कुबट वास आला. अवकाळी पावसात त्याची कोठी गळली होती आणि त्या शहाण्याला पत्ताच नव्हता. तिनं शंभर दाणे उचलून फडक्यात बांधले. चौथ्या दिवशी कोंब निघाले अकरा. धनवंता एकटीच पोटभर हसली.

ती थेट त्याच्या अंगणात गेली. तो नांगर ठोकत होता. "औंदा धान ठेवाले जागा पुरणार नाई," तो बायकोला सांगत होता.

आशा ठेवा, भाऊजी, उगवल. वाक्य ओठावर आलं आणि तिथंच अडलं. आठ वर्षं तिनं हा शब्द दाणा दाणा तपासून वापरला होता. या माणसापायी तो खोटा करायचा? राग तसूभर कमी झाला नव्हता. तिनं फडकं त्याच्यापुढं आपटलं.

"मोजा."

जेठाशी ती पहिल्यांदाच बोलत होती. तो चमकला. "काऊन?"

"तुमचंच बियाणं हाय. मोजा."

त्यानं कोंब मोजले. चेहरा उतरला.

"पुन्हा मोजा."

तिनं त्याला तीनदा मोजायला लावलं. तिसऱ्यांदा त्यानं 'अकरा' मोठ्यानं म्हटलं आणि तिला ते फार बरं वाटलं.

"तुयाकडचं बियाणं देशील?" त्यानं खालमानेनं विचारलं.

"देईन. पण आधी मातामायसमोर, गावादेखत सांगा, एकोणपन्नासात मले काय देलं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं. ती सगळ्यांच्या पुढं उभी राहून म्हणाली, "मागच्याले ऐकू नाई आलं." त्याला पुन्हा सांगावं लागलं.

पोतं उचलताना तो पुटपुटला, "हे त उगवल ना?"

"शंभरातले ब्याण्णव," धनवंता म्हणाली. "उरलेल्या आठाचा भरवसा मी देत नाई. तसला भरवसा तुमी देला होता."