गोधडीतलं रेकॉर्डिंग

आमच्या पिंपरीच्या चाळीत टेपरेकॉर्डर फक्त समोरच्या काकांकडे होता. ज्यांची मुलं दुबईला नोकरीला गेली होती, त्या आया चार शब्द कॅसेटमध्ये भरून घ्यायला त्यांच्याकडे येत. पण पलीकडच्या कारखान्यातली प्रेस मशीन दिवसभर धाडधाड आपटत असे. त्यावर काकांचा उपाय ठरलेला होता. बाईला कॉटवर बसवायचं, मांडीवर टेप द्यायचा आणि टेपसकट तिच्यावर जाडजूड गोधडी टाकायची.

"गलका भाईर ऱ्हायला पायजे राव. आतमदी फकस्त मानूस!" ते मला बजावत.

मग ते बाहेरून "हां, बोला आता!" असं ओरडत, की आतली बाई दचकायचीच. चाळीतून गेलेली प्रत्येक कॅसेट काकांच्या आरोळीनेच सुरू होई. त्याच प्रेसवर काम करून काकांचे कान गेले होते, पण हे त्यांना सांगणार कोण? आणि सांगितलं तरी ऐकू कुठे जाणार?

मस्कतला असलेल्या आपल्या लेकीला काका स्वतःही गोधडीत शिरून कॅसेट भरून पाठवत. एकदा तिच्या उत्तराची कॅसेट आली. काकांनी मला बोलावलं, आवाज पूर्ण वाढवला, टेप कानाशी धरला. शेवटी दोघांच्या डोक्यावर गोधडी ओढली, तरी त्यांना काही उमगेना.

"काय म्हनती?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाला तोंड लावून जीव खाऊन ओरडलो, "म्हणते, बाबा, हळू बोला! मला सगळं नीट ऐकू येतं!"

काकांचा चेहरा फुलला.

"येनारच!" ते गरजले. "गोधडी कुनाची हाय!"