माझे व्याही, त्यांची बाटली आणि मंदावलेला लॅपटॉप

ज्याच्या नावे मी एकही पत्र रवाना करू शकलो नाही, असा महाड-पोलादपूरच्या सबंध टापूत एकच इसम आहे. तो म्हणजे माझ्या मुलाचे सासरे. पाणी, वीज, टपाल, रस्ते यांपैकी कोणत्याही खात्यात जाऊन विचारावे. माझ्या सहीच्या पत्रांची तेथे स्वतंत्र फाईल निघेल. व्याह्यांवर मात्र माझी लेखणी चालली नाही. म्हणजे चालली पुष्कळ, पोचली नाही. वास्तविक अपराध गंभीर होता. लग्नाला सात वर्षे उलटली तरी हा मनुष्य आमच्या घरी पाण्याचा थेंब घेत नसे.

व्याही कुडपणचे. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचे नाही, असा त्यांच्या वाडीचा जुना शिरस्ता. आता तेथेही तो फारसे कोणी पाळत नाही; पण व्याही पाळत. दर महिन्याला एसटीने खाली उतरत, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली आणि तांदळाची भाकरी घेऊन आमच्या ओटीवर बसत, आणि तेवढेच घेऊन उठत. रूढीला कायद्याचे बळ यावयाचे तर ती प्राचीन, अखंडित आणि वाजवी असावी लागते, व हिच्यात वाजवीपणाचा लवलेशही नाही, हे मी त्यांना मुद्देसूद समजावले आहे. ते शांतपणे ऐकत, “बरोबर हाय तुमचं,” म्हणत आणि आपल्या बाटलीतले पाणी पीत. आमची सूनबाई येथल्याच शाळेत शिकवते. दर खेपेला ती भरलेला तांब्या ओटीवर आणून ठेवी आणि दर खेपेला तो भरलेलाच आत नेई. अपत्याचा विषय आमच्या घरात कोणीही काढत नसे. ती बाटली मात्र महिन्यातून एकदा ओटीवर उभी राहून तो काढी.

एरवी या माणसावर रागावणे ही अशक्य कोटीतली गोष्ट होती. त्यांची सारी नोकरी गुरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून झाली. जनावरांच्या कानांतल्या बिल्ल्यांची नोंद संगणकात करण्याचे काम पुढे त्यांच्याकडे आले, आणि तेव्हापासून संगणक हेही एक मुके जनावरच आहे, असे त्यांचे ठाम मत झाले. बिघडलेले यंत्र समोर आले की ते आधी त्याच्या पोटाला तळहात लावतात आणि मालकाला विचारतात, “किती दिसांपास्नं सुस्त हाय?” उमरठच्या एका गुरुजींच्या संगणकात मुंग्यांनी अंडी घातली होती, तर यांनी बाहेर गुळाचा खडा ठेवून मुंग्या बिऱ्हाड हलवीपर्यंत दोन दिवस तो उघडू दिला नाही. एकदा आम्ही बरोबर महाबळेश्वरला लग्नाला निघालो असता आंबेनळी घाटात यांनी एक लंगडणारी गाय पाहून एसटी थांबवली. या बेकायदा खोळंब्याविरुद्ध कंडक्टरच्या बाजूने अर्ज लिहावा म्हणून मी कागद काढला आणि खिडकीबाहेर पाहिले, तो स्वतः कंडक्टरच गाईची शिंगे धरून उभा होता, आणि व्याही तिच्या खुरातला खडा काढत होते.

आता लॅपटॉपविषयी. मागे गावात शिरलेल्या पुरात माझा सारा पत्रव्यवहार चिखल झाला, तेव्हापासून प्रत्येक कागद स्कॅन करून लॅपटॉपमध्ये तीन फोल्डरांत ठेवण्याचा माझा नियम आहे: मूळ प्रत, स्थळप्रत आणि पूरप्रत. गेल्या वर्षी बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने जुनी फिरती डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली. प्रारंभी लॅपटॉप मी चष्मा लावायच्या आत उघडे. पुढे पुढे तो उघडेपर्यंत चहा निवू लागला. एक पत्र साठवायचे तर पडद्यावर चक्र गरगरत राही. सदोष वस्तू व सेवेतील त्रुटी यांबद्दल दुकानदाराला द्यावयाची नोटीस मी तयार केली आणि ती फोनवरून व्याह्यांना वाचून दाखवली.

“पाव्हणे,” ते म्हणाले, “जनावर तपासल्याबिगर आमी मेल्याचा दाखला देत नाय. रविवारपरत थांबा.”

रविवारी ते आले. बाटली पायरीवर ठेवली आणि लॅपटॉपच्या पोटाला हात लावला. मेजाला ओरखडे पडू नयेत म्हणून मी तो घडी घातलेल्या गोधडीवर ठेवत असे.

“ताप हाय. खालनं वारा नाय, वर गोधडी! तापला की आतली डिस्क आपनच हळू चालते, जीव वाचवायला.”

गोधडी निघाली आणि मागच्या बाजूला दोन काड्यापेट्यांचा टेकू आला. मग घड्याळ समोर ठेवून त्यांनी एक मोठी फाईल एका जागेवरून दुसऱ्या जागी पाठवली. ती आरंभी उधळली आणि अर्ध्या मिनिटात बसकण मारून बसली. त्यांनी डिस्कची प्रकृती दाखवणारा प्रोग्राम चालवून पाहिला. “आयुष्य शाबूत हाय हिचं. दुकानदार सुटला.” व्हायरसविरोधी प्रोग्राम दोन निघाले. एकावर दुसऱ्याची देखरेख असावी म्हणून ते मीच घातले होते.

“दोन कुत्री एका दारात. चोर ऱ्हायला बाजूला, एकमेकांवरच भुंकतायत,” असे म्हणून त्यांनी एक काढून टाकला. शेवटी त्यांनी डिस्कवरची मोकळी जागा पाहिली. लाल पट्टी टोकाला भिडली होती.

“पुरेपूर वापर आहे,” मी म्हणालो.

“गोठ्यात भिंतीपास्नं भिंतीपरत गुरं बांधलीत, तर शेन काढनारा उभा कुठं ऱ्हानार? हिला आतलं झाडायला, हलवायला मोकळी जागा लागते. ती नाय, म्हनून एका ओळीसाठी धा ठिकानी सरकासरकी.” मग त्यांना माझे तीन फोल्डर दिसले. “आनि तिन्ही वासरं एकाच दाव्याला? पूर आला तर तिन्ही एकदमच जातील की!”

सदर मुद्दा माझ्या लक्षात आलेला नव्हता. तो मी तारीख घालून वहीत नोंदवून घेतला.

त्यांनी आपल्या पिशवीतून एक वेगळी डिस्क काढून सर्व काही तिच्यावर उतरवले. “ही कुडपनला ठेवतो. तिथं पूर येत नाय,” म्हणाले. मग लॅपटॉपवरच्या जास्तीच्या प्रती एकेक काढणे सुरू झाले. ते नाव वाचत आणि विचारीत, “ठेवू का काढू?” तासभर हे चालले.

“हे एकच पत्र एकतीस वेळा हाय,” ते म्हणाले, आणि मी उठेपर्यंत उशीर झाला होता. त्यांनी त्यातली शेवटची प्रत उघडली. प्रति, माझे व्याही. विषय : आमच्या घरी पाणी न घेण्याबाबत.

पहिल्या मसुद्यात चौदा कलमे होती. प्रत्येक मसुद्यात काही गळत गळत एकतिसाव्यात एकच वाक्य उरले होते : ‘मूल न होणे हा सूनबाईचा अपराध नाही, आपल्या बाटलीने तिला दरमहा शिक्षा होते.’ व्याह्यांचे ओठ हलत होते. वाचून झाल्यावर ते पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचू लागले. तेवढ्यात सूनबाईने नेहमीप्रमाणे तांब्या आणून ठेवला आणि ती वळली.

“बाय, पानी दे गो.”

“आबा, तुमची बाटली तिथे पायरीवर आहे.”

“त्यातलं नको. तुज्या घरातलं दे.”

तिने भांडे भरले. ते ओसंडून पाणी माझ्या गोधडीवर सांडले; त्याबद्दल मी कोठेही तक्रार नोंदवलेली नाही. व्याह्यांनी भांडे एका दमात रिकामे केले, मिशा पुसल्या आणि पडद्याकडे बोट दाखवून मला विचारले, “ह्ये ठेवू का काढू?”

मी निकाल राखून ठेवला.

लॅपटॉप आता पुन्हा चष्म्याच्या आधी उघडतो. दुकानदाराला नोटिशीऐवजी प्रशंसापत्र पाठवले. पण लिफाफ्यावरचे माझे नाव पाहून त्याने ते अद्याप फोडलेले नाही, असे कळते. घरात पाळणा अजून आलेला नाही. व्याही मात्र दर महिन्याला येतात, आमच्याकडे जेवतात, आणि सवय म्हणून बाटलीही आणतात, पण रिकामी. निघताना सूनबाई ती आमच्या नळाखाली भरून देते. कुडपणच्या झऱ्याचे पाणी आमच्या नळाच्या पाण्याहून कितीतरी गोड आहे. नळाच्या पाण्याविषयी मी संबंधितांना वेळोवेळी लेखी कळवलेलेच आहे. तरीही हा मनुष्य ते ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून, डोंगर चढवून नेतो.