काळोख पडला की कॉटवर पडायचं नाही

दुबईच्या उन्हाळ्याचा माझ्याकडे एकही किस्सा नाही. उन्हाळ्यात किस्सा करण्याएवढं त्राण होतं कुणाच्या अंगात! माणूस घामाने भिजून यायचा, गच्चीवर ओली चादर ओढून आडवा व्हायचा, की खलास! जे काय साठलंय ते सगळं हिवाळ्याचं. आणि एक सांगायला घेतला की मागचा ढुशी मारतो, "आधी मला सांग!" आमच्या घरची मंडळी ताट वाढून थकतात.

ही गोष्ट सन साठनंतरची. दिरहॅम यायचे होते, यूएई व्हायची होती, रस्त्यांना डांबर लागायचं होतं. खाडीच्या कडेला एका बांधकाम कंपनीचा कँप होता आणि मी तिथला टाइमकीपर, रत्नागिरीचा सबनीस. बाकी बहुतेक कोकणी मुसलमान. हरणे, दाभोळ, श्रीवर्धन, सगळी समुद्राकाठची माणसं.

लोक म्हणतात, तिथला हिवाळा म्हणजे नुसती मौज. हवा मौजेचीच हो! पण उन्हाळ्यात सगळे गच्चीवर एकत्र असायचे, हिवाळ्यात जो तो आपापल्या खोलीत. संध्याकाळी साडेपाचला सूर्य बुडायचा. जनरेटरवरचा पिवळा बल्ब, बाहेर वाळू आणि कुत्री. अंगात थकवा नाही म्हणून झोप नाही, आणि झोप नाही म्हणून घर आठवायचं. माणूस गप्प बसायला लागला, ताट परत करायला लागला की आम्ही म्हणायचो, "याला काळोख लागला." ऊन लागतं ना, तसा!

त्यावर औषध म्हणजे आमचे फोरमन दाऊदभाई.

* * *

दाऊदभाई दाभोळचे. सहा फूट उंच, जाड मिशा, आणि आवाज असा की लॉरीला भोंगा नसता तरी चाललं असतं. नोव्हेंबर लागला की त्यांचा कायदा सुरू व्हायचा, "काळोख पडला की कॉटवर पडायचं नाय!" जेवण होईपर्यंत सगळ्यांनी मेसमध्ये बसायचं. पत्ते कुटा, भांडा, एकमेकांच्या गावाला नावं ठेवा, पण पडायचं नाही.

आणि जो गप्प बसेल त्याला शिक्षा, कांदे सोलायचे!

मी एकदा विचारलं, "कांदेच का हो?"

"भाऊ, माणसाला रडायचं असतं, पण लाज वाटते. कांदा हातात असला की कोण विचारतो? रड खुशाल, पण कामात रड!" त्यांच्या स्वतःच्या हातात मात्र कांदा कधी कुणी पाहिला नाही.

एका आठवड्यात बोट आलीच नाही. वादळी वारा होता, टपाल मुंबईलाच अडकलेलं. त्या संध्याकाळी शिक्षा कुणालाच झाली नव्हती, तरी एकेक जण उठून कादरचाचांकडे जाऊन सुरी मागायला लागला. कादरचाचा आमचे स्वयंपाकी, श्रीवर्धनचे. शेवटी ते पातेलं आपटून ओरडले, "अरे, बोट उद्या येईल, पण हे कांदे मी कशात घालू? उद्या चहात घालतो!"

चार दिवस कांद्याची भाजी, कांद्याचं कालवण, कांद्याची भजी. टपाल आलं तेव्हा पत्रांनाही कांद्याचा वास लागला.

* * *

त्या वर्षी काळोख सगळ्यांत जोरात लागला तो उस्मानला.

उस्मान हरणेचा, आमचा क्रेन ड्रायव्हर. आईबाप लहानपणी गेले, धाकटी बहीण जैबू. तिला यानेच वाढवली. शाळेत सोडायला हा, वेण्या घालायलाही हाच. तिचं लग्न ठरलं आणि तारीख निघाली ऐन कॉन्ट्रॅक्टच्या मध्ये. रजा नाही म्हणजे नाही! उस्मान हसणारा माणूस, पण पत्र आल्यापासून त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. कांद्यांनीही भागेना. कधी सकाळी उठायचाच नाही, क्रेन धक्क्यावर नुसती उभी.

साहेब इंग्रज होता. माणूस वाईट नव्हता, पण उभी क्रेन बघितली की त्याच्या कपाळाची शीर उभी राहायची. त्याने मला बजावलं, "सबनीस, त्या माणसाला समजाव. मी फार दिवस थांबणार नाही."

आता हे त्रांगडं बघा. उस्मानला परत धाडलं तर तो घरी पोचणार लग्न होऊन गेल्यावर. लग्न तर चुकणार ते चुकणारच, वर नोकरीही जाणार! आणि जैबूच्या सासरच्यांना काय तोंड दाखवणार?

झालं. अख्खा कँप उस्मानला उठवायच्या मागे लागला.

* * *

पहिला उपाय खुद्द साहेबाचा. "हिवाळ्यात माणसं मंदावतात. पीटी करा!" रोज कामाआधी सगळ्यांनी मैदानात उभं राहून हात वर, हात खाली. थंडीत लुंग्या फडफडतायत आणि साहेब पुढे चड्डीवर उड्या मारतोय!

दोन दिवसांत दाऊदभाई कंटाळले. म्हणाले, "साहेब, आमची पण एक पीटी हाय." आणि त्यांनी सगळ्यांना दोन रांगांत उभं करून रापण ओढायला लावली, किनाऱ्यावरून दोरांनी मोठं जाळं ओढतात ना, तशी. समुद्र नाही, जाळं नाही, नुसते हात! पण पोरं कोळीवाड्याच्या शेजारी वाढलेली. पाय रोवून, अंग मागे टाकून अशी ओढायला लागली की बघणाऱ्याला दोर दिसावा. साहेब खूश! तोही रांगेत घुसला, ओढायला लागला, तोंडाने "हो हो" करायला लागला.

शेवटी घाम पुसत विचारतो, "दाऊद, आज मासे किती?"

"मासे कसले, साहेब! तुम्ही जाळ्यात उभे हाव!"

उस्मान त्या रांगेत होता. हसला नाही, पण ओढत होता. तेवढ्यावर दाऊदभाई म्हणाले, "दोर धरलान ना? बस झालं आजच्याला."

* * *

मग आम्ही उस्मानला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने नाडी बघितली, जीभ बघितली आणि सांगितलं, "शरीराला काही नाही. रोज सकाळी तासभर कोवळ्या उन्हात बसू दे."

दुसऱ्या दिवशी उस्मान गोडाऊनच्या भिंतीला टेकून उन्हात बसला. तिसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी चार जण. आठवडाभरात अर्धा कँप शर्ट काढून भिंतीला टेकलेला! ज्याला विचारावं तो म्हणे, "मला पण काळोख लागलाय." अरे, कालपर्यंत तर पत्त्यांत चोऱ्या करत होतास!

साहेब आला, बघितलं. मला म्हणाला, "ऊन गच्चीवर जास्त चांगलं मिळतं. सगळ्या पेशंटना गोडाऊनच्या गच्चीवर पाठव. आणि वर जाताना डांबराचे डबे घेऊन जायला सांग."

गच्चीला डांबर लावून झालं त्याच दिवशी साथ ओसरली! उन्हात बसायला परत एकटा उस्मान उरला.

* * *

आमच्या गेटवर नातूर होता, म्हणजे राखणदार. म्हातारा सालेम, तिथलाच. त्याला आमच्या लोकांचं फार नवल वाटायचं. "हबीबी, आम्ही वर्षभर ज्या थंडीची वाट बघतो, ती आली की तुम्ही रडता?" एका संध्याकाळी त्याने उस्मानला शेकोटीशी बोलावून काहवा पाजला. त्यांची कडू कॉफी हो, वेलची घातलेली, कानाएवढ्या कपात.

आता आपल्या कोकणातली रीत काय? कुणी प्रेमाने दिलं की संपवायचं, टाकायचं नाही. तिथली रीत काय? रिकामा कप दिसला की भरायचा! नको असेल तर कप हलवून परत द्यायचा. हे उस्मानला कुणी सांगावं? तो संपवतोय, सालेम भरतोय. तो संपवतोय, सालेम भरतोय!

किटली रिकामी झाल्यावर उस्मान मेसमध्ये आला तो डोळे टक्क उघडे. आम्ही विचारलं, "काय रे, झालं काय?"

कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलला, "मी संपवायला बघत होतो, तो भरायला बघत होता. दोघंही जिद्दीला पेटलो!"

आणि सालेम गेटवर सगळ्यांना सांगत होता, "माझ्या काहव्याची खरी कदर एका हिंदीलाच!"

पुढचा अख्खा दिवस क्रेन अशी पळत होती की साहेबाने घड्याळ हलवून बघितलं. पण काहवा तो काहवा, उतरला. तिसऱ्या दिवशी परत उस्मान कॉटवर, तोंड भिंतीकडे.

* * *

जैबूचं लग्न शुक्रवारचं. आदल्या दिवशी साहेबाने मला आत बोलावलं. "बास झालं, सबनीस. शनिवारी सकाळी क्रेन हलली नाही, तर रविवारच्या बोटीत त्याची जागा धर."

मी बाहेर येऊन दाऊदभाईंना सांगितलं. ते मिशी चावत उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "भाऊ, लग्न इथे लावायचं!"

"कुणाचं?"

"जैबूचं!"

"अहो, नवरी हरणेला आहे!"

"हाय ना! निकाह तिथे होईल, ते मौलवी बघतील. पण पाठवणी भावाने करायची असते. ती इथे करू. यल्ला, चला!"

शुक्रवारी सुट्टी. नमाज झाल्यावर तयारी सुरू. हळदीची गाणी बायकांनी म्हणायची, आणि कँपात बाई औषधालाही नाही! तेव्हा कादरचाचा बिर्याणीच्या डेगेवर डाव वाजवून गायला लागले आणि मागे वीस मिशाळ गवंडी-वेल्डर कोरसमध्ये. त्यात दोन पार्ट्या पडल्या. श्रीवर्धनवाले म्हणे, नवरीला आधी रडवायची. दाभोळवाले म्हणे, आधी हळद! हळदीपायी मारामारी व्हायची वेळ आली.

नवरी कोण होणार? एकही तयार होईना. शेवटी दाऊदभाईच लोखंडी खुर्चीवर जाऊन बसले. "सगळ्यांत जड मुलगी मीच. कटकट एकदाची पाठवून टाका!" ओढणीला लाल कापड कुठून आणणार? क्रेनपुढे लावायचे धोक्याचे बावटे होते, तेच चार शिवून त्यांच्या डोक्यावरून टाकले. खाली मिशीची टोकं दिसत होती.

उस्मानला दोघांनी धरून आणला. त्याने ते सोंग बघितलं आणि भडकला. "चेष्टा लावलीय माझी? माझी बहीण काय तमाशा हाय?" आणि तो वळला. डाव कादरचाचांच्या हातात तसाच.

मी मनात म्हटलं, गेला हा! रविवारची बोट!

जाता जाता त्याचं लक्ष खुर्चीकडे गेलं. बावट्याचं एक टोक खांद्यावरून घसरलं होतं. उस्मान थांबला, मागे आला आणि सवयीने ते टोक ओढून सरळ केलं. "पदर नीट घे गं, गधडे," म्हणाला. मग हात त्या लाल डोक्यावर ठेवला आणि एकदम बोलायला लागला.

"सासूच्या आधी उठत जा. पण बरं नसलं तर नको उठूस. भाकरी जळली तर हसतील, तू पण हस. आणि त्रास झाला तर लपवू नको, मला कळव. मी लांब हाय, पण मी हाय."

वीस माणसं, एकाच्याही हातात कांदा नाही!

तेवढ्यात साहेब. गलका ऐकून बंगल्यावरून आलेला. "सबनीस, हे काय आहे?"

"सर, वेडिंग."

"कुणाचं?"

"उस्मानच्या बहिणीचं."

साहेबाने ती सहा फुटी नवरी बघितली, मिशा बघितल्या, आपले बावटे ओळखले. उस्मान बावट्याच्या टोकाने डोळे पुसत होता. साहेबाने हॅट काढली. "मुलगी उंच आहे," म्हणाला. आणि माझ्या कानाशी, "नवरीच्या भावाला सांग, उद्या सकाळी सात वाजता क्रेन. सात म्हणजे सात."

"येस सर!" आधी उस्मानच बोलला.

नवरीला लॉरीत चढवली. भोंगा वाजवत लॉरीने कँपाला फेरी मारली. पुढे सालेम टाळ्या वाजवत नाचतोय, मागे उस्मान रडत-हसत पळतोय, पोरं हसून वाळूत लोळतायत. लॉरी फिरून मेसच्या दारात आली. जेवण तयार होतं, बिर्याणीचा वास सुटला होता.

"उतरा दाऊदभाई! झालं लग्न!"

दाऊदभाई उतरेनात.

"अहो, गार होतंय!"

ते लॉरीत तसेच बसून. बावटे डोक्यावरून घट्ट धरलेले. कुणीतरी गमतीत ओढायला गेला, तर आतून नुसती मान हलली, नाही. तो अख्ख्या खाडीला ऐकू जाणारा आवाज, पण शब्द फुटेना. खांदे तेवढे हलत होते.

मग उस्मान मेसमध्ये गेला, थाळी वाढून घेऊन आला आणि लॉरीवर चढून शेजारी बसला. बावट्याखाली वाकून बघितलं नाही की काही विचारलं नाही. एक घास कालवला आणि पुढे धरला.

"खा गं बाय," म्हणाला.

लाल कापडाखालून एक हात बाहेर आला आणि घास घेऊन आत गेला.