कव्हर दाखवल्याशिवाय

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, पण गल्लीत सगळे त्याला विमानवाला म्हणत. गिऱ्हाईक खुर्चीत बसून भिंतीवरची अक्षरं वाचायला लागलं, की हा मध्येच विमानाची गोष्ट काढायचा. बिचाऱ्याला अक्षरंही धड वाचता येत नसत आणि उठूनही जाता येत नसे.

गोष्ट युद्धातली. एक लढाऊ विमान ढगाळ पहाटे उडालं ते परत आलंच नाही. सांगाडा सापडला नाही, कारण कळलं नाही. पायलट विमान घेऊन शत्रूला जाऊन मिळाला, अशी आवई मात्र उठली. त्या विमानाची देखभाल करणारा मेकॅनिक म्हणजे चष्मेवाल्याचे वडील. म्हणून तर हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं.

"घरातला नळ कधीचा गळतोय," बायको म्हणायची, "आणि हे निघालेत हरवलेलं विमान शोधायला."

बाबा नव्वदीला टेकले होते. त्यांची एक सवय घरात थट्टेचा विषय होती. कुणी गाडी काढली, की तिच्यावरून काढलेलं कव्हर हातात धरून ते काचेसमोर उभे राहत. चालवणाऱ्याने अंगठा वर केला, की मगच बाजूला होत. विमानतळावर तशीच पद्धत होती. विमानाचा वेग मोजणारी एक नळी पंखाबाहेर आलेली असते. तिच्यात गांधीलमाश्या घर करू नयेत म्हणून उभ्या विमानाच्या नळीवर कापडी कव्हर चढवायचं, उडायच्या आधी ते काढून पायलटला दाखवायचं आणि त्याचा अंगठा दिसला की चाकांसमोरचे अडसर ओढायचे. कव्हर राहिलं, तर वेगाचा काटा हलत नाही. मग ढगांत पायलट आंधळा.

हे सगळं बाबा हौसेने सांगत. पण त्या पहाटेचा विषय निघाला, की त्यांना नेमकं झोपायचं असे नाहीतर औषध घ्यायचं असे. चष्मेवाल्याच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

शोध सोडून द्यावा असं त्याला कितीदा वाटलं. पण पायलटची बहीण होती. सगळे तिला ताई म्हणत. पळपुट्याची बहीण म्हणून तिची ठरलेली सोयरीक मोडली होती, आणि त्यानंतर तिने लग्नाचं नावच काढलं नाही. अधूनमधून तिचा फोन यायचा. "काही कळलं का हो?" एवढंच विचारायची. तो "नाही" म्हणाला, की ती त्याच्याच तब्येतीची चौकशी करून फोन ठेवायची. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एका मोठ्या तलावाचा गाळ काढताना विमानाचा पंख वर आला. तिथल्या इंजिनिअरला त्याचा शोध माहीत होता, त्याने फोटो पाठवले. पंखावरचा नंबर जुळला. चष्मेवाल्याने दुकानाचं दार लोटलं, पंखाचा फोटो मोठा केला आणि नळीवर आला. नळीला कव्हरची पितळी कडी होती. कडीला कुजलेल्या कापडाची चिंधी होती.

बाहेर गिऱ्हाईक दार ठोठावत होतं. त्याने उघडलं नाही.

संध्याकाळी घरी आला तेव्हा बायकोने विचारलं, "तोंड का उतरलंय?"

"काही नाही. भूक नाही."

"फोटो आले?" बाबांनी कॉटवरून विचारलं.

"आले. धूसर आहेत."

"चष्मे विकतोस आणि तुलाच धूसर दिसतं?" बाबा म्हणाले. पण हसले नाहीत.

तेवढ्यात ताईचा फोन आला. त्याला तो उचलवेना, आणि न उचलून सुटका नव्हती.

"ताई, विमान सापडलं. तलावात होतं. तुमचा भाऊ कुठे पळून गेला नव्हता."

मग ती म्हणाली, "मग पडलं कसं? त्याचंच काही चुकलं का?"

इथेच त्याची भीती होती. हो म्हणावं, तर मेलेल्या माणसावर दुसरा खोटा आळ. खरं सांगावं, तर बाबा समोर.

"ते... ते आता कळणं कठीण आहे, ताई," तो म्हणाला, आणि स्वतःचीच लाज वाटून त्याने मान फिरवली. बाबा कॉटवरून उठून त्याच्या मागे येऊन उभे होते.

"कव्हर नळीवरच होतं ना?" त्यांनी हळूच विचारलं.

त्याने फोनवर हात ठेवला. होकारार्थी मान हलवली.

"थंडी होती. आधीच्या विमानाचं कव्हर माझ्या खिशात राहिलं होतं. माझ्या डोक्यात बसलं, हे याचंच. तेच वर धरलं. त्याने अंगठा दाखवला. संध्याकाळी खुंटीवर एक कव्हर कमी भरलं, तेव्हा समजलं."

"बाबा, तुम्ही झोपा. मी बघतो."

बाबांनी फोनसाठी हात पुढे केला. हिसकावून घेतला नाही. गाडीसमोर उभे राहत तसेच, हात वर धरून, त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. फोनमधून ताईचा आवाज येत होता, "ऐकताय ना?"

चष्मेवाल्याला रडू फुटलं. त्याने फोन बाबांच्या हातात दिला आणि अंगठा वर केला.

बाबांनी फोन कानाला लावला. "ताई," ते म्हणाले, "मी तुमच्या भावाचा मेकॅनिक बोलतोय."